मदत, राष्ट्र आणि निवेदक : दक्षिण सुदानविषयक साहित्याच्या निमित्ताने

९ जुलै २०११ रोजी दक्षिण सुदान हा देश स्वतंत्र झाला. त्याच वर्षीच्या जानेवारीत घेतलेल्या सार्वमतात ९८ टक्क्यांहून अधिक मतदारांनी सुदानपासून वेगळे होण्याचा कौल दिला होता. स्वातंत्र्याला अडीच वर्षे होतात न होतात तोच, १५ डिसेंबर २०१३ रोजी, राजधानी जुबा येथे यादवी पेटली. २०१५ मध्ये झालेला करार पुढच्याच वर्षी जुलैत मोडला. फेब्रुवारी २०१७ मध्ये युनिटी प्रांताच्या काही भागांत दुष्काळ अधिकृतपणे जाहीर करावा लागला. २०१८ मध्ये पुन्हा करार झाला. त्यानंतर अपेक्षित असलेली निवडणूक २०२४ मध्ये आणखी एकदा पुढे ढकलण्यात आली आणि तिच्यासाठी डिसेंबर २०२६ हा महिना ठरविण्यात आला. डिसेंबर २०१३ ते एप्रिल २०१८ या काळात यादवीपायी सुमारे ३ लाख ८३ हजार माणसे प्राणास मुकली असावीत, असा लंडनमधील संशोधकांचा अंदाज आहे. हा सारा तपशील राज्यशास्त्राच्या अभ्यासकाचा आहे, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु या इतिहासात साहित्यसमीक्षेला थेट भिडणारा एक प्रश्न दडलेला आहे, आणि तो मराठी समीक्षेला मुळीच अपरिचित नाही.

तो प्रश्न निवेदकाचा आहे. एखादा समाज राष्ट्र होऊ पाहतो, तेव्हा सामान्यतः त्याचे साहित्य त्याच्या राज्ययंत्रणेच्या आधी अस्तित्वात आलेले असते. आपल्याकडे निबंध, नाटक, कादंबरी आणि वृत्तपत्रे यांनी ‘आम्ही’ या सर्वनामाचा आशय घडविला आणि मग राज्य आले. दक्षिण सुदानच्या वाट्याला हा क्रम आला नाही. त्याच्याविषयी जगात पुष्कळ लिहिले गेले होते. पण त्यातील फार मोठा भाग त्याला मदत करावयास गेलेल्यांच्या लेखणीतून उतरला होता. वार्ताहर, डॉक्टर, धर्मोपदेशक, साहाय्यसंस्थांचे अधिकारी हे त्याचे निवेदक होते. या लेखनात देणारा बोलतो आणि घेणारा दिसतो. दान देण्याघेण्याचे हे व्याकरण साहित्यात कसे रुजते, ते मोडते तेव्हा काय घडते, आणि मराठी वाचक त्यात नेमका कोठे उभा आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

घेणारा नुसता दिसतो म्हणजे काय, हे एका छायाचित्रावरून स्पष्ट होईल. मार्च १९९३ मध्ये दक्षिण सुदानातील आयोड या ठिकाणी केव्हिन कार्टर या दक्षिण आफ्रिकी छायाचित्रकाराने भुकेने जमिनीवर वाकलेले एक मूल आणि त्याच्यामागे बसलेले गिधाड टिपले. १९९४ मध्ये त्या छायाचित्राला पुलित्झर पारितोषिक मिळाले आणि त्याच वर्षी कार्टरने आत्महत्या केली. पुढे जगभर चर्चा झाली ती छायाचित्रकाराच्या नीतीची : त्याने मुलाला उचलून घ्यावयास हवे होते काय? या चर्चेतही नायक देणाराच राहिला, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. त्या मुलाच्या मनगटावर अन्नवाटप केंद्राची एक पट्टी होती आणि तिच्यावर एक संकेताक्षर होते. म्हणजे मदतीच्या व्यवस्थेने त्याची नोंद घेतलेली होती. ते मूल मुलगा होता, त्या प्रसंगातून तो वाचला होता आणि काही वर्षांनी तापाने गेला, ही माहिती एका स्पॅनिश दैनिकाच्या शोधातून २०११ मध्ये पुढे आली. अठरा वर्षे जगाला त्याचे संकेताक्षर पाहता येत होते. नाव मात्र कोणी विचारले नव्हते.

ही एका छायाचित्रापुरती गोष्ट नाही. १९८८ च्या दुष्काळात दक्षिण सुदानात, विशेषतः बहर अल् गझल भागात, फार मोठी मनुष्यहानी झाली. त्यानंतर एप्रिल १९८९ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने ‘ऑपरेशन लाइफलाइन सुदान’ ही मोहीम सुरू केली. केनियाच्या सीमेवरील लोकिचोग्गियो या लहानशा गावी तिचा तळ पडला आणि तेथून उडणारी विमाने आकाशातून धान्याची पोती टाकू लागली. या मोहिमेने असंख्य जीव वाचविले, हे निर्विवाद आहे. परंतु तिच्याबरोबर एक वाङ्मयही जन्माला आले. अहवाल, आवाहने, वार्तापत्रे, आठवणी असे त्याचे प्रकार सांगता येतील. त्याची शैली ठरलेली असते. आरंभी भुकेचे एक चित्र, मग आकडे, मग देणाऱ्याचा क्षणभर ढळलेला धीर, आणि शेवटी आशेचा किरण म्हणून हसणारे एखादे मूल. काळ नेहमी वर्तमान असतो. कारण भुकेल्या माणसाला भूतकाळ असतो, ही कल्पना या शैलीला सोसत नाही. १९५५ च्या तोरीतच्या बंडापासून १९७२ च्या आदिस अबाबा करारापर्यंतचे पहिले युद्ध आणि १९८३ पासूनचे दुसरे, त्यांतील बाजू, चुका, निष्ठा आणि विश्वासघात हे सारे गळून जाते, आणि एका राजकीय समाजाचे रूपांतर केवळ उपाशी समूहात होते.

या पार्श्वभूमीवर डेव्ह एगर्स या अमेरिकी लेखकाची ‘व्हॉट इज द व्हॉट’ (२००६) ही कादंबरी महत्त्वाची ठरते. युद्धात पोरके होऊन पायी इथिओपियात आणि तेथून केनियातील काकुमा छावणीत गेलेल्या मुलांपैकी एक म्हणजे व्हॅलेंटिनो अचाक डेंग. त्याच्या सांगण्यावरून ही कादंबरी लिहिली गेली. उपशीर्षकात तिला ‘आत्मचरित्र’ म्हटले आहे, मुखपृष्ठावर नाव एगर्सचे आहे, आणि आतला ‘मी’ अचाकचा आहे. दुसऱ्याच्या प्रथमपुरुषात लिहिण्याचा हा प्रयोग वाचताना १९७० नंतरच्या मराठीतील एक जुना वाद आठवल्यावाचून राहत नाही. दलित जीवनाविषयी सहानुभूतीने लिहिलेले साहित्य आणि त्या जीवनाच्या स्वानुभवातून आलेले साहित्य यांत गुणात्मक भेद आहे, असे दलित समीक्षेने तेव्हा ठामपणे सांगितले होते. त्या कसोटीवर एगर्सला सरळ नापास करता येईल. पण तसे करणे घाईचे होईल. या कादंबरीची कथनयोजना निराळी आहे. अटलांटा शहरातील अचाकच्या घरावर दरोडा पडतो. बांधून घातलेला अचाक मनातल्या मनात आपली कहाणी प्रथम दरोडेखोरांसोबतच्या मुलाला, नंतर रुग्णालयातील कारकुनाला, व्यायामशाळेत येणाऱ्या ग्राहकांना सांगत राहतो. त्यांच्यापैकी कोणालाही ती ऐकू येत नाही. म्हणजे कहाणी सांगितली जाते आहे आणि ऐकली जात नाही, हेच येथे आशयसूत्र झाले आहे. लेखकाने स्वतःच्या मध्यस्थीविषयीचा संशय कथनाच्या रचनेतच गुंफून ठेवला आहे.

कादंबरीच्या शीर्षकामागे डिंका लोकांची एक उत्पत्तिकथा आहे. ईश्वराने आद्य मानवापुढे दोन गोष्टी ठेवल्या : एक गाय आणि दुसरी ‘काय’, म्हणजे अज्ञात असे काहीतरी. मानवाने गाय पत्करली. या कथेत डिंका माणूसही घेणाराच आहे. परंतु त्याच्यापुढे पर्याय आहेत, तो विचार करतो, निवडतो, आणि त्या निवडीची जबाबदारीही त्याच्याकडेच राहते. आकाशातून पडणाऱ्या पोत्यांच्या बाबतीत त्याला यांतले काहीच उरलेले नसते. घेण्याच्या या दोन प्रकारांतील अंतर कादंबरीत कोठेही व्याख्यानरूपाने आलेले नाही; उत्पत्तिकथा आणि छावणीचे जीवन शेजारी शेजारी ठेवल्याने ते वाचकाला जाणवते.

हेच अंतर अधिक सूक्ष्मपणे पाहणारी कादंबरी सुदानची नाही, सोमालियाची आहे. सोमालिया १ जुलै १९६० रोजी स्वतंत्र झाला. नुरुद्दीन फराह यांची ‘गिफ्ट्स’ ही कादंबरी १९९० च्या दशकाच्या आरंभी इंग्रजीत आली. मोगादिशूच्या प्रसूतिगृहात काम करणारी दुनिया ही तिची नायिका. ती कोणाकडून सहजासहजी काही घेत नाही. घेतलेली वस्तू आपल्याला कोणाच्या ऋणात टाकील, याचा हिशेब तिच्या मनात सतत चालू असतो. तिच्या घरगुती कथेत फराह यांनी परदेशी धान्य आणि मदत यांविषयीच्या वृत्तपत्रीय मजकुराचे तुकडे पेरले आहेत. स्त्रीला पुरुषाकडून मिळणारी भेट आणि राष्ट्राला राष्ट्राकडून मिळणारी मदत ही एकाच मापाने मोजली जाऊ लागतात. भूक या कादंबरीत पार्श्वभूमीला आहे. अग्रभागी आहे ती घेणाऱ्याची बुद्धी. मदतीच्या वाङ्मयाला नेमकी हीच गोष्ट दिसत नाही.

मराठी वाचकाला दुनियेचा हिशेब समजावा लागत नाही, कारण आपल्या भाषेतच तो मुरलेला आहे. दान, भिक्षा, जोगवा, आहेर, वाटा, उसनवार, बलुते या शब्दांत देवाणघेवाणीचे किती तरी नैतिक स्तर आहेत. आहेर परत करावयाचा असतो, म्हणून तो समानांचा. भिक्षा परत करता येत नाही, म्हणून ती उतरंडीची. दया पवार यांनी १९७८ मध्ये आत्मकथनाला ‘बलुतं’ हे नाव दिले, तेव्हा हक्काचा वाटा म्हणविणाऱ्या शब्दाआडची लाचारी त्यांनी उघडी केली. देणाऱ्याच्या कोशात जो शब्द व्यवस्थेचा होता, तो घेणाऱ्याच्या कोशात आरोपाचा झाला. नवस्वतंत्र आफ्रिकी राष्ट्रांचे साहित्य वाचताना मराठी समीक्षेने हाती धरावे असे हे उपकरण आहे, आणि ते आपल्याला कोठूनही आयात करावे लागलेले नाही.

या उपकरणाने आपलीच एक परिचित कादंबरी पुन्हा वाचून पाहावी. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) ही मराठीतील श्रेष्ठ कृती आहे याविषयी दुमत नाही. तिच्याकडे आपण प्रादेशिक कादंबरी म्हणून पाहत आलो. ती राज्य एका वस्तीपर्यंत पोचण्याची कथाही आहे, हे मात्र पुरेसे लक्षात घेतले गेले नाही. औंध संस्थानाचा तरुण शिक्षक धनगरांच्या वाडीवर येतो, शाळा जुळवितो, लोकांचे अर्ज लिहितो, तंटे ऐकतो आणि लोकांच्या श्रमांतून तालीम उभी करतो. संस्था उभी राहते; मग पाऊस पडत नाही, माणसे परागंदा होतात, वाडी ओस पडते. निवेदक बाहेरून आलेला, राज्याच्या पगारावरचा माणूस आहे. असे असूनही तो धनगरांना उपकृत समूह करीत नाही. कारभारी, आनंदा रामोशी, आयबू या प्रत्येकाला स्वतःचा तर्क आणि स्वतःचा मान आहे. कित्येकदा शिकविणारा मास्तर शिकणारा होतो. माडगूळकरांच्या संयमी, अनलंकृत शैलीचे नैतिक मूल्य येथे आहे. दुष्काळाचे वर्णन करतानाही ते कारुण्याची मागणी करीत नाहीत.

औंधचा उल्लेख आला, म्हणून त्याच्या आफ्रिकेशी असलेल्या एका धाग्याची नोंद करणे अप्रस्तुत होणार नाही. १९३९ मध्ये औंधच्या राजाने गांधीजींच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेल्या घटनेद्वारे ग्रामपंचायतींच्या पायावर सत्ता प्रजेकडे सोपविली. त्या प्रयोगात पुढाकार घेणारे राजपुत्र अप्पासाहेब पंत १९४८ मध्ये ब्रिटिश पूर्व आफ्रिकेत भारताचे आयुक्त म्हणून नैरोबीला गेले आणि १९५४ पर्यंत तेथे राहिले. आफ्रिकी स्वातंत्र्यवाद्यांशी त्यांनी ठेवलेले सख्य वसाहतीच्या सरकारला सलत असे. राज्य खालून वर बांधावे लागते, हा औंधचा धडा त्यांच्याबरोबर होता. सुदानात नेमके उलटे घडले. १९५३ ची तेथील पहिली निवडणूक भारताचे निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने पार पाडली आणि १ जानेवारी १९५६ रोजी देश स्वतंत्र झाला. परंतु ब्रिटिशांनी सोडलेल्या शेकडो प्रशासकीय पदांपैकी दक्षिणेच्या वाट्याला बोटांवर मोजण्याइतकीच आली होती. निवडणूक निर्दोष झाली म्हणून राज्य सर्वांचे झाले, असे होत नाही.

मदत आणि राज्य यांचे नाते कसे असू शकते, याचेही उदाहरण महाराष्ट्रात आहे. १८७७ च्या दुष्काळात रिचर्ड टेंपल यांनी सरकारी कामांवरील मजुरी दिवसाला एक पौंड धान्य आणि एक आणा इतकी खाली आणली, तेव्हा मजुरांनी कामे सोडली आणि पुणे सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये सावित्रीबाई फुले यांनी जुन्नरजवळच्या ओतूरहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात दुष्काळाची हकीगत आली आहे. ती लिहिणारी बाई स्वतः मदतकार्यात उतरलेली होती. १९७२ च्या दुष्काळात मे १९७३ च्या सुमारास जवळजवळ ५० लाख लोक सरकारी कामांवर होते. खडी फोडणे आणि सुकडी यांच्या आठवणी ग्रामीण महाराष्ट्रात अजून पुसलेल्या नाहीत. त्या अनुभवातून १९७७ चा रोजगार हमी कायदा निघाला आणि जे उपकार म्हणून मिळत होते, ते मागण्याचा अधिकार मिळाला. दुष्काळ टाळतो तो शासन आणि प्रजा यांच्यातील राजकीय करार, आणि बाहेरून येणारी मदत पुष्कळदा तो करार सैल करते, असे सुदानचे अभ्यासक अॅलेक्स द वाल यांनी १९९७ मध्ये मांडले. दक्षिण सुदानातील भुकेल्या माणसाला मागणी करावयाची तर ती कोणाकडे? विमान उत्तर देत नाही.

देणारा कोण आणि घेणारा कोण, याविषयीची आपली समजूत हलवून टाकणारी एक वास्तू पुण्याजवळ खडकवासल्याला उभी आहे. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या मुख्य इमारतीचे नाव ‘सुदान ब्लॉक’ असे आहे. दुसऱ्या महायुद्धात पूर्व आफ्रिकेच्या रणभूमीवर लढलेल्या भारतीय सैनिकांच्या स्मरणार्थ सुदानच्या सरकारने १९४१ मध्ये १ लाख पौंडांची देणगी दिली. फाळणीनंतर तिच्यातील ७० हजार पौंड भारताच्या वाट्याला आले आणि ते या वास्तूच्या कामी आले. आज आफ्रिकेला मदत देणारे म्हणून आपण स्वतःकडे पाहतो. त्या प्रतिमेला हा इतिहास छेद देतो. मात्र येथेही घाईने भारावून जाऊ नये. तेव्हाचे सुदान सरकार इंग्रज अधिकाऱ्यांचे होते. तिजोरी सुदानी रयतेची, निर्णय साहेबांचा. देणाऱ्यालाही स्वतःचा आवाज नसतो, असे हे दान आहे. इतिहासातील प्रत्येक देणगीपाशी निवेदक कोण, हे विचारावेच लागते, ते यासाठी.

तर मग दक्षिण सुदानचा स्वतःचा आवाज कोठे आहे? तो फार पूर्वीपासून गाण्यांत आहे. फ्रान्सिस मादिंग डेंग यांनी १९७३ मध्ये डिंका गीतांचे संकलन अनुवादासह प्रसिद्ध केले. आपल्या लाडक्या बैलाच्या शिंगांचे आणि रंगांचे वर्णन करणारा तरुण तेथे स्वतःचीच प्रतिष्ठा गात असतो. जात्यावरच्या ओवीत मराठी बाईला जसे स्वतःचे नाव आणि नाते उच्चारण्याची मुभा मिळाली, तशीच ही मुभा आहे. आधुनिक गद्यात स्टेला गायतानो यांचे नाव घ्यावे लागेल. त्या १९७९ मध्ये खार्तूमला जन्मल्या, औषधनिर्माणशास्त्र शिकल्या आणि अरबीत कथा लिहू लागल्या. खार्तूमच्या कडेला विस्थापित म्हणून राहणाऱ्या दाक्षिणात्य स्त्रिया हा त्यांच्या कथांचा विषय. स्वातंत्र्यानंतर त्या जुबाला गेल्या, तेव्हा नव्या राष्ट्राच्या घटनेने इंग्रजी ही कामकाजाची अधिकृत भाषा ठरविली होती. २००५ च्या अंतरिम घटनेत अरबीला असलेले स्थान गेले होते. अरबी ही उत्तरेच्या सत्तेची भाषा, म्हणून ती नाकारली गेली. हे समजण्यासारखे आहे. परंतु त्याच भाषेत एका लेखिकेने आपल्या माणसांचे विस्थापन शब्दबद्ध केले होते. आपल्याच राष्ट्रात तिचे लेखन परके ठरण्याचा धोका निर्माण झाला. पुढे त्यांना देशाबाहेर आश्रय घ्यावा लागला. राष्ट्रबांधणी ही रस्ते, पोलीस आणि निवडणुका यांची असते, तितकीच कोणती वाक्ये ‘आपली’ मानावयाची याचीही असते, हे त्यांच्या उदाहरणावरून दिसते.

यावर एक रास्त आक्षेप येईल. माणसे उपाशी मरत असता निवेदकाची चर्चा करणे हा पोट भरलेल्यांचा विलास नव्हे काय? मदत करणाऱ्यांच्या त्यागाला उणेपणा आणण्याचा येथे हेतू नाही. एप्रिल २०१३ मध्ये जोंगलेई प्रांतातील गुमुरुकजवळ संयुक्त राष्ट्रसंघाच्या ताफ्याचे रक्षण करताना पाच भारतीय सैनिक मारले गेले. २०१९ ते २०२२ या काळात लेफ्टनंट जनरल शैलेश तिनईकर हे तेथील शांतिसेनेचे सेनापती होते. हे कर्तृत्व आदरास पात्र आहे. परंतु धान्य पोचविणे आणि त्या धान्याची कथा सांगणे या दोन क्रिया आहेत. पहिलीची निकड दुसरीतील अन्यायाला सूट देत नाही. उलट, ज्याची कथा केवळ भुकेची म्हणून सांगितली जाते, त्याला पुढे फक्त धान्यच दिले जाते. अधिकार देण्याची गरज कोणाला भासत नाही.

हा अन्याय दूर देशीच घडतो असेही नाही. जेथून हे लिहीत आहे ते नोएडा १९७६ मध्ये स्थापन झालेल्या एका प्राधिकरणाच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून नाव मिळालेले शहर आहे. त्याला लागूनच असलेल्या ग्रेटर नोएडात अनेक आफ्रिकी विद्यार्थी शिकत आले आहेत. मार्च २०१७ मध्ये तेथे नायजेरियन विद्यार्थ्यांवर जमावाने हल्ले केले. हे विद्यार्थी काही मागावयास आले नव्हते. शुल्क भरून शिकत होते आणि भाडे भरून राहत होते. हात पसरलेल्या आफ्रिकी मुलाचे चित्र पाहून द्रवणारे मन समोरून ताठ मानेने चालत येणाऱ्या आफ्रिकी तरुणापुढे संशयी होते. यात वरवर विसंगती दिसते. परंतु दोन्हींचे मूळ एकच आहे. ज्याला आपण केवळ घेणारा म्हणून ओळखत आलो, तो समान म्हणून भेटला की त्याला ओळखण्यासाठी आपल्याजवळ शब्द उरत नाहीत.

ते शब्द पुरविणे हे साहित्याचे काम आहे, आणि ते कोठे पुरविले गेले व कोठे नाही हे सांगणे समीक्षेचे. आफ्रिकी साहित्याकडे आपण आजवर बहुधा इंग्रजी विभागाच्या अभ्यासक्रमातून, उत्तरवसाहतवादाच्या तयार परिभाषेतून पाहिले. त्याऐवजी बलुते, आहेर, सुकडी आणि रोजगार हमी हे आपले स्वतःचे अनुभवशब्द घेऊन त्याच्यापाशी जाता येईल. फराह यांची दुनिया आणि माडगूळकरांचा कारभारी एकाच वर्गात शिकविले जावेत. गायतानो यांच्या कथा अरबीतून, निदान इंग्रजीतून, मराठीत याव्यात. त्या आल्या तर मराठी वाचकाला दक्षिण सुदानवर उपकार केल्याचे समाधान मिळणार नाही. मिळालेच तर ते आहेर घेतल्याचे समाधान असेल, आणि आहेर परत करावयाचा असतो, हे आपल्याला ठाऊक आहे.